पहिला घास उस्तादाचा

उमरीच्या निजामोद्दीन जर्राहाच्या, म्हणजे गावठी वैद्याच्या, जळवा लई शहाण्या होत्या. रोगी उंबऱ्यात आला की बरणीतल्या बरणीत वर-खाली करून त्या आधीच ठरवायच्या, ह्याचं दुखणं खरं की घरच्या भांडणाचं सोंग. एकदा एका बड्या साहेबाच्या पोटरीला लावलेली जळू अर्ध्या मिनिटात गळून पडली आणि तीन दिवस बरणीच्या तळाशी तोंड फिरवून बसली. साहेबाच्या अंगात रक्त नसून नुसती शिक्क्याची शाई आहे, हे त्या दिवशी सगळ्या बाजाराला कळलं. ज्याला खोटं वाटेल त्यानं त्या जळूला विचारावं.

ह्या जळवांचं पाणी बदलणारी, त्यांना हळद लावून पोटातलं रक्त ओकायला लावणारी आणि वेळप्रसंगी शिव्या घालणारी बाई म्हणजे निजामोद्दीनची बायको, बेगमबी. अंगानं वाळकी, जिभेनं ओली. जळवा नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त भीत. नवरा मात्र कुणालाच भीत नसे आणि कुणाला काही बोलतही नसे. त्याच्या बापानं त्याला जळवांची बरणी देताना दोन कायदे दिले होते.

पहिला असा, की भुकेली जळू आधी स्वतःच्या दंडावर लावून बघायची. तिनं तोंड लावलं, एक घोट घेतला, की सोडवून मग रोग्याला लावायची. पहिला घास उस्तादाचा. त्यामुळं निजामोद्दीनच्या डाव्या दंडावर तीन-तीन पाकळ्यांच्या बारीक खुणांचं चांदणं पडलेलं होतं. जळू चावते तिथं तशीच खूण राहते, आणि माणूस मेल्यावरच जाते.

दुसरा कायदा असा, की रोग्याचं नाव ओठाबाहेर गेलं की हातातला गुण गेला.

ह्या दोन कायद्यांपायी निजामोद्दीनला जन्मठेप झाली.

ते कसं, ते बेगमबीला पाठ होतं. कोर्टाच्या बाकावर बसून तिनं ते इतक्यांदा मनात घोळलं होतं, की आता तिला ते ताकासारखं घुसळलेलं वाटे. वर काही आलं नव्हतं, एवढंच.

तीन वर्षांमागं उमरीजवळच्या एका गावचे हणमंतराव पाटील चौकात माईक धरून उभे राहिले होते. आपल्या गावच्या कुणी उमरीच्या त्या मुसलमानांच्या गल्लीत पाय ठेवायचा न्हाई. बांगड्या भरायला न्हाई, पंक्चर काढायला न्हाई, अन् जळवा लावायला तर अजिबात न्हाई. टाळ्या पडल्या. हणमंतराव म्हणजे छातीचा माणूस. मोटारसायकलच्या टाकीवर त्यांनी आपला रक्तगट रंगवून घेतला होता, 'ए पॉझिटिव्ह', आणि कुणी विचारलं तर म्हणत, "आपलं रक्त ए वन हाय, म्हणून ए." पण देवाची करणी अशी, की ह्या छातीच्या माणसाला पाठीमागून मूळव्याधीनं धरलं. ट्रॅक्टरच्या सीटवर बसता येईना, बैठकीत मांडी घालता येईना. उभ्यानं न्याय करू लागले. लोकांना वाटलं, पाटलांचा रुबाब वाढला.

मग एका जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, भर दुपारी, गल्ली जेवायला बसलेली असताना, निजामोद्दीनच्या मागच्या दारानं तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आत आला आणि पडद्याआड पालथा पडला. चार महिने बंदीमुळं रोगी नव्हता. बेगमबीनं सकाळीच जुनं धोतर फाडून नवं पांढरं फडकं काढलं होतं. उस्तादानं जळवा आधी आपल्या दंडावर लावल्या, दंड त्या फडक्याला पुसला, आणि मग पुढचं काम केलं. बेगमबी कोमट पाणी घेऊन आत गेली तेव्हा तिला माणसाचं तोंड दिसलं नाही. जे दिसलं त्यावरून माणूस ओळखायची तिला सवय नव्हती. पण तेवढ्यात तो शिंकला. ती शिंक चार कोसांत एकाचीच होती. ती आली की गावातले बैल कान टवकारत आणि एस.टी.चा ड्रायव्हर ब्रेक दाबे. एक जळू सुटून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन चिकटली. बेगमबीनं ओळखलं, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून बाहेर आली.

त्याच वेळी पुढच्या दारात वैजनाथ उभा होता. हणमंतरावांचा धाकटा भाऊ. त्यानं मागं गोणपाटानं झाकलेली एक मोटारसायकल बघितली होती.

"आत कोण हाय रे?"

"रोगी हाय," निजामोद्दीन म्हणाला.

"नाव काय त्याचं?"

"नाव न्हाई सांगत."

"आमच्या गावचा हाय का?"

"न्हाई सांगत म्हणलं ना."

वैजनाथनं गचांडी धरली, निजामोद्दीननं ढकललं, वैजनाथ पायरीवरून खाली बसला. कोपऱ्यावरच्या दोघांनी तेवढंच बघितलं. वैजनाथ आयमायवरून शिव्या देत स्टेशनच्या वाटेनं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाल्यात सापडला, डोकं फुटलेलं. आदल्या संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान मेला, असं डॉक्टरांनी लिहिलं.

फडकं शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी धुवायचं, असा घरचा रिवाज. त्या जुम्म्याला पोलीस नमाजाच्या आधी आले आणि न धुतलेलं फडकं घेऊन गेले.

सरकारी प्रयोगशाळेचा कागद आला. फडक्यावर माणसाचं रक्त. गट एबी. वैजनाथचा गट एबी. निजामोद्दीनचा बी.

"ते रोग्याचं रक्त हाय," निजामोद्दीन म्हणाला.

"कोणत्या रोग्याचं?"

गप्प. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हणमंतराव उभे होते आणि बोटं नाचवून सांगत होते, "ह्यानंच मारला माझ्या वैजाला! कसाई हाय कसाई!" तरी हा गप्प. त्या वेळच्या वकिलानं बेगमबीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, एबी गटाचा रोगी असेल तर आणा. नाहीतर नाव सांगून काय उपयोग?" आणि बेगमबीच्या डोळ्यांपुढं ती टाकी आली होती. ए पॉझिटिव्ह. नाव सांगूनही उपयोग नव्हता. वर नवऱ्यानं शपथ घातली होती, "नाव घेतलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

निकालाच्या दिवशी ती बरणी काखेत मारून औशाला, भावाच्या घरी निघून आली. जळवा वर्ष वर्ष उपाशी राहतात. बेगमबीलाही जमलं.

औशाच्या त्या घरात, तिसऱ्या वर्षी, भाचीची फेरी झाली. मुबश्शिरा. नांदेडला दिलेली, तिथंच एका रक्तपेढीत नोकरीला. बेगमबी भाकरी थापत होती आणि मुबश्शिरा चुलीपुढं बसून कामावरच्या गंमती सांगत होती.

"एक नवीन पोरगी आलीय फुप्पू, बावळट. दोन बाटल्यांतलं रक्त एकाच नळीनं उचललं. एक ए, एक बी. दोन्ही मिसळलं. अन् मला येऊन सांगून राहिली, मॅडम, पेशंट एबी हाय! मी म्हणलं, एबी तुझं नशीब हाय."

बेगमबीचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी काळी पडली, पण तिनं उलटली नाही.

"पुन्हा सांग."

"काय?"

"ए अन् बी मिसळलं की काय दिसतं?"

"एबीसारखंच दिसतं. ए ची खूण बी मिळते, बी ची बी मिळते. मशीनला काय ठाऊक, एकाचं हाय की दोघांचं?"

"कपड्यावर वाळलं असंल तर?"

"तर लईच. कपड्याला काय तोंड हाय, सांगायला?"

बेगमबी उठली. हाताचं पीठ न धुताच तिनं कोनाड्यातली बरणी उचलली आणि जळवांना म्हणाली, "ऐकलं का गं रांडांनो? तीन साल मी कोरडी रडले."

लातूरला विरूपाक्ष वकील. अपील त्यांच्याकडं होतं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बेगमबी, ही गोष्ट वरच्या कोर्टात उभी राहते. तुमच्या नवऱ्याचा बी, रोग्याचा ए, फडक्यावर दिसणार एबी. पण तो ए वाला माणूस पाहिजे. त्यानं सांगितलं पाहिजे, होय, मी तिथं होतो. नाव सांगा."

"नाव न्हाई घेणार."

"काय?"

"उस्तादाची शपथ हाय."

वकिलांनी फाईल टेबलावर आपटली. "नवरा जन्मठेपेत सडतोय आणि तुम्ही शपथा पाळता? माझ्याकडं येता कशाला मग? देवळात जा, दर्ग्यात जा!"

"ओरडू नका. ओरडायला मला बी येतं, अन् माझा आवाज तुमच्यापेक्षा मोठा हाय. मी नाव घेणार न्हाई. तो घेईल."

"स्वतःच्या पायानं कोण येतं हो कोर्टात?"

"येईल. पायानं न्हाई आला तर दुसऱ्या अंगानं येईल."

वकिलांना काही कळलं नाही. त्यांनी तारखेचा कागद पुढं सरकवला, इतकंच.

वैजनाथच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला हणमंतरावांनी उमरीत रक्तदान शिबिर ठेवलं. केवढा तरी फ्लेक्स. त्यावर वैजनाथ लहान आणि हणमंतराव मोठे. रक्तपेढीची गाडी नांदेडहून आली, आणि गाडीबरोबर पांढरा कोट घालून मुबश्शिरा. ती निव्वळ योगायोगानं आली असं म्हणायचं असेल तर म्हणावं. रजेवर जाणाऱ्या दुसऱ्या मुलीला बेगमबीनं त्या योगायोगापायी औशाहून शेंगाचटणीचा डबा पाठवला होता.

बेगमबी मंडपात आली तेव्हा हणमंतराव माईकवर होते. "माझ्या भावाचं रक्त ज्यानं सांडलं त्याच्या नावानं थुंका, अन् मग रक्तदान करा!"

पुढच्या रांगेतला एक जण वळला. "पाटील, खुन्याची बायको आली."

सगळ्या माना वळल्या. मग एकदम सगळे बोलू लागले. कुणी "हाकला" म्हणालं, कुणी "हिची हिंमत बगा". एका बाईनं तिच्या पायापुढं पिचकन थुंकलं. बेगमबीनं त्या थुंकीला वळसा घातला आणि चालत राहिली.

"काय पाहिजे?" हणमंतराव माईक न सोडताच गरजले.

"रक्त द्यायला आले."

"तुझ्या घरचं रक्त इथं चालत न्हाई!"

टेबलामागून मुबश्शिरा म्हणाली, "काका, पिशवीवर गट लिहितात. गल्ली न्हाई लिहीत."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात बदललं.

बेगमबी टेबलाशी खुर्चीवर बसली. "आधी मालकाचं घ्या. वर्षश्राद्ध ह्यांच्या भावाचं. का सुईला डरतात?"

आता ह्याच्यावर छातीचा माणूस काय करणार? हणमंतरावांनी माईक ठेवला, बाही वर केली आणि बोट पुढं केलं. बसले मात्र नाहीत. "घे! ए पॉझिटिव्ह हाय, गाडीवर लिवलंय."

"तरी बघावंच लागतं काका." मुबश्शिरानं बोटाला टोचलं, पांढऱ्या फरशीवर दोन थेंब ठेवले, एकात निळं औषध टाकलं, एकात पिवळं. काडीनं हलवलं. निळ्यात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, रव्यासारख्या. पिवळं तसंच राहिलं.

"निळ्यात फुटलं, म्हणजे ए."

"मग? मी काय म्हणलं?"

"आता माझं," बेगमबी म्हणाली. तिचं बोट टोचलं. निळं शांत, पिवळ्यात गुठळ्या. "बी. उस्तादाचं बी हेच हाय. नवराबायकोचं एकच, बगा."

"तर मग हार घालू का?"

"न्हाई. एक थेंब उधार द्या, पाटील." आणि तिनं मुबश्शिराला खूण केली. मुबश्शिरानं फरशीवर त्यांचा थेंब दोन जागी वाटून ठेवला, दोन्हींवर बेगमबीचा ठेवला, आणि काडीनं फिरवलं.

"ए! माझ्या रक्तात तुझं..." हणमंतरावांचा हात पुढं आला, पण तोवर निळं पडलं होतं आणि पिवळंही पडलं होतं.

निळ्यात गुठळ्या झाल्या. पिवळ्यातही झाल्या.

"हा गट कोणता दिसतो गं?" बेगमबीनं विचारलं.

"एबी," मुबश्शिरा म्हणाली.

"पण हितं एबी कुणीच न्हाई."

"न्हाई फुप्पू. ए हाय अन् बी हाय."

मंडपातल्या कुणाला त्यात काही दिसलं नाही. थोर माणसानं म्हाताऱ्या बाईबरोबर पोरखेळ मांडलाय, एवढंच. पण बेगमबी फरशीकडं बघत नव्हती. ती हणमंतरावांच्या तोंडाकडं बघत होती. ते तोंड आधी लाल झालं, मग पिठासारखं.

"एक उस्ताद व्हता," ती हळू म्हणाली, फक्त त्यांना ऐकू जाईल असं. "जळू आधी आपल्या दंडाला लावायचा. एक माणूस पालथा पडला व्हता. एकच फडकं व्हतं. नवं. सकाळीच फाडलेलं."

हणमंतरावांचे ओठ हलले. "कागद म्हणला... कागद म्हणला वैजाचं हाय."

"कागदानं एबी म्हणलं. वैजा तुम्ही म्हणलात."

क्षणभर तिला वाटलं, आता बोलतो हा. मग कुणीतरी मागून विचारलं, "काय झालं पाटील?" आणि त्या आवाजानं हणमंतराव पुन्हा छाती काढून उभे राहिले.

"हाकला हिला! वर्षश्राद्धाला चेटूक करून राहिली! धरा, बाहेर काढा!"

बाहेर काढलं. धरून नव्हे, ढकलून. चपलेचा अंगठा तुटला. बेगमबी एक पाय अनवाणी घेऊन स्टँडपर्यंत चालत गेली आणि वाटेतल्या प्रत्येकाला मनातल्या मनात अशी एकेक शिवी दिली, की त्यांतली एक जरी लागली असती तरी उमरीचा अर्धा बाजार आज आंधळा असता.

अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी विरूपाक्ष वकिलांचा फोन आला.

"बेगमबी, एक माणूस आलाय ऑफिसात. तासभर झाला. उभाच आहे. बसा म्हटलं तर बसत नाही."

बेगमबीनं फोन कानाशी धरूनच डोळे मिटले. "तोच हाय," ती म्हणाली. "बसू द्या... न्हाई, उभाच राहू द्या."

वरच्या कोर्टानं सांगितलं, खालच्या कोर्टानं ह्या एका साक्षीदाराची जबानी घेऊन पाठवावी. तारीख पडली. हणमंतराव इस्त्रीचं धोतर नेसून आले. गावचे चाळीस जण ऐकायला आले होते, कारण पाटील काय बोलणार ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि तिथंच पाटलांचं घोडं अडलं.

"त्या दिवशी मी निजामोद्दीनकडं जळवा लावायला गेलो व्हतो," ते म्हणाले. मागं चाळीस तोंडांतून एकच हुंकार निघाला.

"कुठं लावल्या?" सरकारी वकिलांनी विचारलं.

हणमंतरावांनी मागं चाळीस जणांकडं बघितलं. "पाठीला."

बेगमबी बाकावरून अर्धी उठली.

"जळवेची खूण राहते म्हणे. कायमची."

"राहते की."

"मग साहेब, डॉक्टरांनी पाठ बघावी," सरकारी वकील न्यायाधीशांना म्हणाले.

शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी पाठ बघितली. पाठ म्हशीसारखी. गुळगुळीत, एक खूण नाही. सरकारी वकील असे हसले की त्यांचा डगला हलला. "साहेब, हा माणूस खोटं बोलतोय. कुणीतरी धमकावलंय ह्याला. ज्यानं कालपर्यंत आरोपीला कसाई म्हटलं तो आज त्याला सोडवायला निघाला?"

न्यायाधीशांनी जेवणाची सुट्टी दिली. विरूपाक्ष वकील डोक्याला हात लावून बसले. बेगमबी बाहेर गेली. आवारातल्या लिंबाखाली हणमंतराव एकटे उभे होते. गावचे चाळीस जण लांब, टपरीपाशी, इकडं बघत कुजबुजत होते.

"झालं ना समाधान?" तिला बघताच ते उसळले. "चाळीस माणसांपुढं हसं झालं माझं!"

"अजून कुठं झालंय? अर्धंच झालं. अर्ध्यानं माणूस सुटत न्हाई."

"मी गेलो व्हतो ते सांगितलं. आणखी काय पाहिजे तुला? चौकात धोतर सोडू?"

"चौकात न्हाई. डॉक्टरापुढं."

"तोंड सांभाळ, बाई!"

"तीन साल सांभाळलं, पाटील. तुमचं नाव ह्या तोंडातून एकदा बी न्हाई गेलं. वकिलापुढं न्हाई, भाचीपुढं न्हाई. पुढं तुम्ही कसाई म्हणून बोटं नाचवत व्हतात, तवा उस्ताद बी गप्प राहिले. तुमच्या बुडासाठी! अन् तुम्ही? तुम्ही पडद्याआडून ऐकलं व्हतं, वैजनाथ चालत गेला. शिव्या देत, आपल्या पायानं. ऐकलं व्हतं का न्हाई?"

हणमंतरावांनी तोंड फिरवलं. मग लिंबाच्या खोडाकडं बघत म्हणाले, "ऐकलं व्हतं. पण कागद आला. मला वाटलं, माझ्या कानापेक्षा प्रयोगशाळेचं यंत्र मोठं. मी ए, फडक्यावर एबी, म्हणजे ते माझं न्हाई. वैजाचंच. मी गेल्यावर गाठला असंल ह्यानं. यंत्रापुढं कानाचं काय चालतं?"

"तुम्ही गेलात किती वाजता?"

ते टपरीकडं बघू लागले.

"रक्त थांबत नव्हतं. जळवेचं थांबत न्हाई लवकर. उस्ताद फडकं दाबून बसले व्हते. संध्याकाळची, मगरिबची बांग झाली, सात वाजून गेले, तवा तुम्ही उठलात. पाच ते सात. तुमचा भाऊ नाल्यात मरत व्हता तवा ज्याला तुम्ही खुनी म्हणता तो माणूस तुमच्या बुडाशी बसला व्हता. मोजा, पाटील. बोटांवर मोजा."

हणमंतरावांनी मोजलं नाही. 

"वैजाला मग कुणी..." ते म्हणाले आणि थांबले.

"ते मला इचारू नका. तीन साल चुकीच्या माणसामागं धावलात, बरोबरचा लांब गेला असंल." ती वळली, आणि वळताना म्हणाली, "जळवेनं जिथं सही केलीया तिथंच दाखवा. दुसरीकडं दाखवाल तर कोर्ट काय, जळू बी हसंल."

सुट्टीनंतर हणमंतराव पिंजऱ्यात चढले ते खाली मान घालून. न्यायाधीशांनी विचारायच्या आधीच बोलले.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो. पाठीला न्हाई. मला मूळव्याध हाय. तीन वर्षं झाली, मी बसलेलो न्हाई."

मागच्या चाळिसांत कुणीतरी फुसकन हसलं, मग दुसरा. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं. हणमंतरावांनी मागं वळून बघितलं. त्या नजरेनं एरवी गाव चिडीचूप होत असे. आज झालं नाही. ते पुन्हा पुढं वळले आणि सगळं सांगितलं. पडदा, फडकं, वैजनाथची शिवी, स्टेशनच्या वाटेनं लांब जाणारी चप्पल, मगरिबची बांग. डॉक्टरांनी पुन्हा शेजारच्या खोलीत नेलं, आणि परत येऊन कागदावर लिहिलं, की तीन पाकळ्यांच्या दोन खुणा, जुन्या, साक्षीदारानं सांगितलेल्या जागी. रक्तगट ए.

सरकारी वकिलांचा डगला हलला नाही.

बाहेर पडताना हणमंतराव बेगमबीच्या जवळून गेले आणि थांबले. "उपकार समजू नकोस. ह्या गल्लीशी माझं आजही पटत न्हाई."

"तुमचे उपकार घ्यायला माझ्या घरात जागा न्हाई, पाटील. बसायला बी खुर्ची न्हाई, तशी तुम्हाला लागत बी न्हाई."

ते गेले. मोटारसायकलवर उभ्यानंच, पायदानांवर. तीन वर्षं त्यांना रात्रंदिवस एका माणसाचा राग करायची सवय झाली होती. आता तो राग कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं, आणि ठेवायला दुसरा माणूस अजून सापडला नव्हता. ते पाप त्यांचं होतं, त्यांनीच वाहावं.

वरच्या कोर्टाचा निकाल आला. ज्या फडक्यावर दोन जिवंत माणसांचं रक्त असू शकतं, त्यावर तिसऱ्या मेलेल्या माणसाचं आहे असं धरून कुणाला जन्मभर कोंडता येत नाही, असं काहीसं त्यात लिहिलं होतं. विरूपाक्ष वकिलांनी तिला ते दोनदा वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

तुरुंगाच्या दारात निजामोद्दीन बाहेर आला. दाढी पांढरी झालेली. त्यानं बायकोकडं बघितलं, आणि सलाम नाही, विचारपूस नाही, पहिला शब्द काढला तो असा:

"नाव कुणी घेतलं?"

"ज्याचं व्हतं त्यानं."

"खरं?"

"भरल्या कोर्टात. सोताच्या तोंडानं."

"जागा बी त्यानंच सांगितली?"

"दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला पाठ म्हणला."

निजामोद्दीनच्या दाढीत काहीतरी हललं. हसू असेल. मग तो गंभीर झाला. गुण राहिला की गेला, हे माणसाच्या तोंडानं कळत नसतं, जळूच्या तोंडानं कळतं.

उमरीच्या घरात जाळं धरलं होतं. बेगमबीनं कोनाडा पुसून बरणी ठेवली. तीन वर्षांत बऱ्याच मेल्या होत्या. एक उरली होती, सुतळीएवढी बारीक. ही तीच, जी कॅलेंडरला जाऊन चिकटली होती, असं बेगमबी आजही छातीवर हात ठेवून सांगते. निजामोद्दीननं तिला चिमटीत धरलं आणि आपल्या डाव्या दंडावर, जुन्या चांदण्याच्या मधोमध ठेवलं.

दोघं वाट बघत बसले. जळू इकडं सरकली, तिकडं सरकली. तोंड उचललं. मग खाली घातलं, आणि धरलं.

निजामोद्दीननं खोल श्वास सोडला. एक घोट झाल्यावर त्यानं तिला हळदीनं सोडवलं. दंडावरून रक्ताची बारीक धार निघाली. बेगमबीनं पदराखालून धुतलेलं पांढरं फडकं काढलं, धार पुसली, आणि ते खुंटीला अडकवायला उठली.

"थांब," तो म्हणाला. "आजच धू. जुम्म्याची वाट बघू नकोस."